जवळा म्हणजे मासे नव्हेत

"जरा शांत बस, बरं वाटेल," असं दम लागलेल्या बाईला सांगणारी माणसं मला आजही भेटतात आणि आजही माझं डोकं फिरतं. बसता आलं असतं तर बसले नसते का? श्वास आत जातो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. पाठ टेकवली की छातीवर कुणी पाय दिल्यासारखं होतं. मी तेव्हा येरझारा घालायचे. खिडकी, दार, मोरी, पुन्हा खिडकी. मध्येच ओट्याला दोन्ही हात टेकून वाकून उभी राहायचे, की परत चालायला सुरुवात. भाईंदरच्या गोडदेवमधल्या आमच्या खोलीत चालायला जागा तरी किती! वळलं की भिंत.

हे लिहितेय ते ज्यांना घरातलीच माणसं "नाटक करते" म्हणतात त्यांच्यासाठी. औषधांची नावं सांगणार नाही, ती डॉक्टरांनी सांगावीत. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगते. मुद्देसूद जमेलच असं नाही, मला एका जागी बसून लिहायची सवय नाही.

आपलेच लोक

माझं माहेर परभणीकडचं. ज्वारीची भाकरी, ठेचा, जवसाची चटणी. समुद्राची मासळी मी लग्नाआधी खाल्ली तर नव्हतीच, डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली लग्न झालं आणि मी भाईंदरला आले. सासरचे लोक मूळचे खेडकडचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. आम्ही बौद्ध, तेही बौद्ध. "आपलेच लोक हाईत, लेकरा, काळजी कामून करतीस," असं माझी माय म्हणाली होती. आपलेच होते, खोटं नाही. फक्त ताट वेगळं होतं.

सासूबाईंना मी आई म्हणते आणि माझ्या आईला माय, म्हणजे घोटाळा नको. आई विधवा, बोलायला फटकळ, हाताला जबरदस्त चव. पावसाळ्याच्या आधी त्या किनाऱ्यावरच्या उत्तनला जायच्या आणि ओळखीच्या कोळणीशी तासभर हुज्जत घालून सुक्या मासळीची बेगमी घेऊन यायच्या. त्यात सगळ्यात जास्त जवळा. जवळा म्हणजे नखाएवढी वाळवलेली बारीक कोळंबी. घरी आणला की चादरीवर पसरायचा, निवडायचा, सुपात घेऊन पाखडायचा, भाजायचा आणि डब्यात भरायचा. थोडा कुटून त्याची पूड करायची. ती पूड मग वांग्यात, दोडक्यात, कांद्यात, कधी आमटीतसुद्धा. आईंच्या हाताला चव होती म्हणते ना, तिचं अर्धं श्रेय त्या पुडीला होतं.

मराठवाड्याची पोरगी म्हणून नणंद वंदनाताई मला चिडवायच्या, "हिला काटा काढायला पण माणूस लागतो." मला ते झोंबायचं. मग मी ईर्षेने सगळं शिकले. मासे साफ करायला, कालवण करायला आणि जवळा पाखडायला. पाखडण्यात तर अशी तरबेज झाले की आई स्वतः सूप माझ्याकडे सरकवायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "बघा, परभणीची हाय, पण हात बघा तिचा." मी फुलून जायचे. नाकात धूळ जायची, शिंका यायच्या, डोळे लाल व्हायचे. पाखडताना शिंका कुणाला येत नाहीत? सगळ्यांनाच येतात.

फक्त बाकीच्यांच्या थांबायच्या.

हे सोड, ते सोड

पहिली दोन-तीन वर्षं नुसती सर्दी. मग अंगावर पित्त उठायचं. आमची प्रज्ञा झाली, ती रांगायला लागली त्या सुमारास छातीतून शिट्टी वाजायला लागली. कोपऱ्यावरचे डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. ते एकदा पंप द्यायचं म्हणाले तर माझे मिस्टर घाबरले. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, असं त्यांना ते कामाला होते त्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यावर कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचे सगळे सल्लागार त्या गाळ्यातच होते.

आणि सल्ल्यांना काय तोटा! समोरच्या जयाबेन म्हणाल्या, "दही मत खाओ बेटा, छाती में कफ जमता है." दही सोडलं. कुणी म्हणालं केळं सोड, सोडलं. वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले, अंडी सोडली. शेवटी डॉक्टर म्हणाले, मासे बंद करून बघा. घरात त्यावर मोठी चर्चा झाली आणि आईंनी मन मोठं करून सांगितलं, "बंद तर बंद. तिच्या ताटात मासळी पडणार न्हाय." त्यांनी शब्द पाळलाही. बांगडा, बोंबील, कोळंबी, सगळं बंद. मी वाळत चालले, माझा दम होता तिथेच होता.

जवळा मात्र चालूच होता. तुम्हाला हसू येईल, पण आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्या घरात जवळ्याला कुणी मासळी म्हणतच नव्हतं. मासळी म्हणजे बाजारात जाऊन ताजी आणायची ती. जवळा म्हणजे तोंडी लावणं, जसं आमच्याकडे जवस. भाजीत चिमूटभर पूड घातली म्हणून ती भाजी मासळीची होत नाही. डॉक्टर विचारायचे, "मासे बंद केलेत ना?" मी छातीवर हात ठेवून सांगायचे, हो, अगदी पूर्ण बंद. आणि घरी येऊन सूप हातात घ्यायचे.

माहेरी बरी, सासरी आजारी

आता खरं दुखणं सांगते. छातीचं नव्हे.

एका उन्हाळ्यात मी प्रज्ञाला घेऊन परभणीला गेले. आठवड्याभरात शिट्टी थांबली. मी रात्री आडवी होऊन झोपले. विहिरीचं पाणी शेंदलं, सरकीच्या ढिगावरून उड्या मारणाऱ्या पोरांमागे धावले. माय म्हणाली, "तुला तर काहीच झालं न्हाई माय, मग ते पत्रातलं काय होतं?" मला वाटलं, चला, सुटले.

परत आले त्या संध्याकाळीच आईंनी उत्तनहून आणलेला जवळा पसरला होता. दिवेलागणीला मी खिडकीत उभी, खांदे वर ओढलेले, ओठ काळेनिळे.

हे एकदा झालं, पुढच्या वर्षी पुन्हा झालं. वंदनाताई विरारहून आल्या होत्या. माझ्यादेखत आईंना म्हणाल्या, "बघ ना आई, माहेरी ठणठणीत आणि सासरी पाय टाकला की दम. हे दुखणं छातीचं आहे का मनाचं? तिला नांदायचंच नाहीये."

मला उत्तर द्यायचं होतं, पण उत्तराला श्वास लागतो. माझ्याकडे तोच नव्हता.

हळूहळू त्या बोलण्याचा ठराव झाला. आईच म्हणाल्या, मला परभणीला ठेवायचं, बरी होईपर्यंत. प्रज्ञाचं नाव शाळेत घातलंय, तिचं नुकसान नको, तेव्हा ती इथेच आजीजवळ राहील. मिस्टर मान खाली घालून म्हणाले, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, सुजाता." बरी होईपर्यंत म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं. तिथे मी बरीच असणार होते. मग बोलवायचं कुठल्या कारणाने? आणि बोलावून पुन्हा आजारी पडले की परत पाठवणी. माझी पोर मला सुट्टीपुरती दिसणार होती. त्या दिवसांत मी हातातलं काम अर्धं टाकून दुसरं धरायचे, दूध उतू जायचं, प्रज्ञाची वेणी घालता घालता तिला मध्येच घट्ट धरायचे. ती चिडायची, "मम्मी, केस ओढतेस." संताप यायचा, भीती वाटायची, आणि दोन्हींनी दम वाढायचा. मग त्यांचंच खरं ठरायचं, बघा, मनाचं आहे.

हातावरची ओळ

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एके दिवशी कंटाळूनच चिठ्ठी दिली. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात ॲलर्जीची तपासणी होते, एकदा करून या. मिस्टरांना रजा मिळेना. आई म्हणाल्या, "मी जाते हिच्यासंगं. मला माझ्या कानांनी ऐकायचंय काय ते." त्यांना काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं.

तपासणीआधी काही दिवस खाजेच्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या. ते दिवस कसे काढले ते विचारू नका. दवाखान्यात बाकावर बसवेना म्हणून मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होते आणि आई बाकावरून ओरडत होत्या, "अगो बस, नंबर जाईल."

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हातावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेका गोष्टीचा थेंब टाकला. घरातली धूळ, झुरळ, परागकण, बुरशी, अंडं, दूध, शेंगदाणा, कोळंबी, आणखी बरंच. प्रत्येक थेंबातून सुईने नुसतं टोचलं, रक्तसुद्धा आलं नाही. "आता पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही आणि खाजवायचं नाही," म्हणाल्या.

मला! हात हलवायचा नाही! मी दुसऱ्या हाताने खुर्ची पकडून बसले. थोड्याच वेळात मनगटाजवळ आग सुरू झाली. एक गांध उठली, मच्छर चावल्यासारखी, मग ती फुगत फुगत रुपयाएवढी झाली. आई वाकून बघत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. जगात पहिल्यांदा माझं दुखणं कुणाला तरी दिसत होतं. मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"कोळंबी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यात जास्त कोळंबी. त्याखालोखाल धूळ आणि झुरळ."

"मी कोळंबी खातच नाही हो," मी म्हटलं. "मासे कधीचे बंद केलेत."

"सुकं काही? सोडे? जवळा?"

मी आईंकडे बघितलं. आईंनी माझ्याकडे.

"जवळा म्हंजे काय मासे न्हवं," आई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता.

बाईंनी विचारलं, निवडतं कोण, पाखडतं कोण, घरातच का. मी सांगत गेले तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. खाल्ल्यानेच होतं असं नाही, म्हणाल्या, ती धूळ नाकातून जाते, तळताना वाफ उठते, तेवढंही पुरतं. कोळंबी, जवळा, झुरळ, सगळी एकाच भावकीतली.

तिथे आई उसळल्या. "आमच्या कोळंबीला झुरळाच्या भावकीत बसवताय? सात पिढ्या खाल्ली आम्ही. मला का न्हाय होत मग? टोचा, माझ्या हातावर पण टोचा!" आणि बाही वर करून हात टेबलावर ठेवला.

बाहेर रांग होती. बाई चिडतील असं मला वाटलं, पण त्या हसल्या आणि त्याच बाटलीतला थेंब आईंच्या हातावर टाकून टोचलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी हात मांडून बसलो. माझी गांध लालभडक. आईंच्या हातावर काही नाही. वेळ झाली तशा बाई म्हणाल्या, "बघा आजी, काही उठलं नाही." आई म्हणाल्या, "थांबा अजून. म्हातारी कातडी हाय, उशिरा उठंल." आणखी थांबलो. काही उठलं नाही.

परतीच्या लोकलमध्ये आई बाही वर करून आपला हात बघत बसल्या. दारात चप्पल काढताना म्हणाल्या, "मग मी काय खायचं आता?"

मला राग आला. मी इतकी वर्षं मरत होते आणि ह्यांना जेवणाची पडली होती. आज त्या प्रश्नाचा राग येत नाही. नवरा गेलेल्या, गाव सुटलेल्या बाईला आपलं म्हणावं असं जिभेवर तेवढंच उरलेलं असतं. पण त्या दिवशी आला, आणि मी तो लपवलाही नाही.

वॉर्डातली दुपार

निदान झालं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं पुस्तकात होतं. आमच्या घरी डबे फक्त ओट्यावरून माळ्यावर गेले. आई माझ्यासाठी वेगळी भाजी करायच्या, पाखडणं बंद झालं, मला पुष्कळ बरं होतं. मग एका श्रावणातल्या दिवशी मी प्रज्ञाला शाळेत सोडायला गेले आणि आईंनी तेवढ्यात मूठभर जवळा कांद्यावर परतला. पावसामुळे खिडक्या बंद. मी येईपर्यंत खाऊन, तवा घासून ठेवला होता. मी दार उघडून आत आले आणि उंबऱ्यातच कोसळले.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. रिक्षा. जयाबेन ओरडतायत, "भैया, जल्दी!" नाकातोंडावर मास्क. त्या मास्कमध्येसुद्धा मी उठून चालायला बघत होते आणि नर्स मला दाबून बसवत होती.

दवाखान्यातले दिवस म्हणजे वाफ, इंजेक्शन, चहा, पुन्हा वाफ. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, त्यांनाही दमच. त्या मला त्यांच्या बिस्किटांतलं अर्धं द्यायच्या आणि विचारायच्या, "ह्यात काय न्हाय ना गो तुझ्या वाईटाचं?" इतक्या वर्षांत असं विचारणारी ती पहिली बाई. मला त्या बिस्किटाची चव अजून आठवते.

दुपारी भेटायच्या वेळेला वंदनाताई आल्या. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून मिस्टरांना म्हणाल्या, "आता तरी हिला माहेरी पाठवा. इथे काही झालं तर तिच्या घरचे आपल्यावर येतील."

आई खिडकीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "हिला झालं ते माझ्यामुळं झालं. मी जवळा परतला. मला वाटलं, घरात न्हाय ती, काय होतंय." मग मिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "घरातून कोण तरी जायला पायजे ते खरं हाय. जवळा जाईल. सून न्हाय जायची. आणि तिच्या पोरीला तिच्यापासून तोडायची गोष्ट परत माझ्या घरात काढायची न्हाय."

वंदनाताई म्हणाल्या, "आई, तूच तर—"

"मीच म्हणालेली. मीच सांगते, चुकली."

मिस्टर संध्याकाळी येताना डॉक्टरांनी सांगितलेला पंप घेऊन आले आणि तो कसा ओढायचा ते मला दाखवत बसले, उलटा धरून. मी त्यांच्या हातातून काढून घेतला.

दाराबाहेर

डबे गेले. माळा धुतला, गोधड्या उन्हात टाकल्या, झुरळांची पेस्ट लावली. पंप मी रोज घेते, बाहेर सगळ्यांसमोर घेते. अजूनही कधी कधी विनाकारण दम लागतो, अजूनही कुणाच्या घरी जेवायला गेले की मी आधी स्वयंपाकघरात जाऊन वास घेते. लोकांना वाटतं, किती आगाऊ बाई. वाटू दे. तुम्हीही विचारा, वास घ्या, नाही म्हणा. आणि डॉक्टर "काय खाता" विचारतील तेव्हा तोंडी लावण्यापासून सांगा.

आईंनी मात्र खाणं सोडलं नाही, आणि मीही सोडा म्हटलं नाही. फारच आठवण आली की त्या उत्तनला त्या कोळणीकडे जातात आणि तिच्या ओट्यावर बसून जेवून येतात. पहिल्यांदा अशा गेल्या, तेव्हा परत आल्यावर मी दार उघडलं, तर आत येईनात. जिन्यापाशीच उभ्या राहिल्या.

"पुढं येऊ नको," म्हणाल्या. "तिच्यासंगं पाखडायला बसलेली. अंगावर धूळ हाय सगळी. बादलीभर पाणी ठेव हितं, आणि दुसरं लुगडं दे."

दाराबाहेर उभं राहून पाणी मागणं म्हणजे काय, हे आमच्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. आईंनीच सांगितलं होतं, त्या लहान असताना गावात ओंजळ पुढे करून उभं राहायचं, आणि वरून पाणी ओतायचे.

"आई, आत या," मी म्हटलं. "असं बाहेर नका उभं राहू. मला बघवत नाही."

त्यांना कळलं मी काय म्हणते ते.

"तवा लोक मला उभी करायचे," त्या म्हणाल्या. "आज कुणी केली? माझी मी उभी हाय, माझ्या घराच्या दारात. ह्यो इटाळ न्हवं, बाय. आत आली तर तुझा श्वास जाईल. जा, पाणी आण. आणि आधी तोंडाला पदर लाव."

मी पदर लावला आणि पाणी आणून बादली उंबऱ्याबाहेर ठेवली. मी पार खिडकीपाशी मागे सरेपर्यंत आई बादलीला शिवल्या नाहीत.